विगटाऊनचा आठवडा: पुस्तकांचं दुकान, पाऊस आणि तो

सुट्टी म्हटलं की लोक डोंगर नाहीतर समुद्र शोधतात, मला मात्र कितीतरी वर्षांपासून एक दुकान चालवायचं होतं, स्वतःचं नाही, कुणाचं तरी, थोडे दिवस. स्कॉटलंडच्या नैऋत्य कोपऱ्यात विगटाऊन म्हणून गाव आहे, वस्ती हजाराच्या आसपास, आणि तिथे 'द ओपन बुक' नावाचं जुन्या पुस्तकांचं दुकान चक्क एअरबीएनबीवर भाड्याने मिळतं. वर राहायला छोटा फ्लॅट, खाली दुकान. सकाळी जिना उतरायचा, दार उघडायचं आणि दुकानदार व्हायचं. बुकिंग कायम पुढची काही वर्षं फुल असतं, मला नोव्हेंबरमधला एक आठवडा मिळाला तो कुणीतरी कॅन्सल केला म्हणून. तिथे मी पुस्तकं विकली, पावसात भिजले आणि प्रेमात पडले. या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या अडकल्यात की सुट्या करून सांगता येत नाहीयेत, म्हणून सरळ दिवसांच्या क्रमाने लिहिते.

सोमवार

लीड्सहून सेटल-कार्लाइल लाइनची गाडी पकडली. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आला तेव्हा खाली नुसतं धुकं होतं, गाडी ढगावरून चालल्यासारखी. कार्लाइलला बदलून डम्फ्रीस, आणि तिथून पुढे बस. पूर्वी डम्फ्रीसहून स्ट्रॅनरारपर्यंत रेल्वे होती, १९६५ मध्ये ती बंद केली, त्यामुळे आता न्यूटन स्ट्युअर्टपर्यंत एक बस आणि मग विगटाऊनची दुसरी. दुसऱ्या बसमध्ये ड्रायव्हर चढणाऱ्या प्रत्येकाला ओळखत होता, मी चढले तर म्हणाला, दुकानवाली का? म्हटलं हो.

गाव म्हणजे मधोमध भलामोठा रुंद चौक, चौकात बाग आणि लॉन बोलिंगचं हिरवंगार मैदान, एका टोकाला काउंटी बिल्डिंग्जचा टॉवर आणि दोन्ही बाजूंना ओळीने जुनी घरं आणि दुकानं. त्यात डझनभराहून जास्त पुस्तकांची. हे आपोआप झालेलं नाहीये. गावाला रोजगार देणारी डेअरी बंद पडली, १९९३ मध्ये शेजारच्या ब्लॅडनॉकमधली डिस्टिलरीही बंद पडली, लोक गाव सोडायला लागले. तिकडे वेल्समध्ये हे-ऑन-वाय या गावाने जुन्या पुस्तकांच्या जोरावर स्वतःला उभं केलं होतं, रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने ते सुरू केलं आणि १ एप्रिल १९७७ ला स्वतःला तिथला राजासुद्धा जाहीर केलं. तसंच एखादं गाव स्कॉटलंडमध्ये व्हावं म्हणून शोध झाला आणि १९९८ मध्ये विगटाऊन अधिकृत बुक टाऊन झालं. पुढच्याच वर्षी पुस्तकांचा फेस्टिव्हल सुरू झाला, तो आता सप्टेंबर संपता संपता दहा दिवस चालतो. पुस्तकांनी घर चालत नाही असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, इथे अख्ख्या गावाला त्यांनी हात दिलाय, आणि त्या चौकात सामान घेऊन उभी असताना मला खरंच भरून आलं.

किल्ली द्यायला एक आजी आल्या, फेस्टिव्हलच्या स्वयंसेवक. त्यांनी सगळं समजावलं: दुकान कधी उघडायचं ते तुम्ही ठरवा, पुस्तकं हवी तशी लावा, बाहेरच्या फळ्यावर हवं ते लिहा, आणि जी विक्री होईल ती फेस्टिव्हल चालवणाऱ्या संस्थेला जाते. जाताना म्हणाल्या, "थंडी वाजली तर दोन मोजे घाला, हीटर वाढवून फारसा उपयोग नाही."

मंगळवार

फळ्यावर लिहिलं, 'आत या, बाहेर पाऊस आहे'. पाऊस आडवा येत होता त्यामुळे खडू दोनदा पुसला गेला. पहिलं गिऱ्हाईक एक आजोबा, त्यांनी मासेमारीवरचं एक पुस्तक घेतलं आणि पाच पौंडाची नोट दिली, वेगळीच दिसणारी. इथे तीन बँका आपापल्या नोटा छापतात, एकच रक्कम आणि चित्रं वेगवेगळी.

साडेअकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा, हातात केळ्यांचे दोन खोके एकावर एक आणि हनुवटी वरच्या खोक्यावर टेकवलेली. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात केळ्याच्या खोक्यासारखी चीज नाही, मजबूत असतो, हात घालायला भोकं असतात आणि सुपरमार्केटात फुकट मिळतो. मी धावत जाऊन दार धरलं.

"इथे पुस्तकं घेता ना?"

"घेतो. पण पैसे नाही देत, देणगी."

"पैसे नकोतच. आईची आहेत. ती वसंतात गेली. घर विकलंय, महिनाअखेर रिकामं करायचंय."

उंच, ओला, चाळिशीतला, कानाजवळ केस पांढरे व्हायला लागलेले. खोके ठेवले आणि निघायलाच लागला होता, पण बाहेर पाऊस इतका वाढला की मी म्हटलं, थांबा, चहा ठेवलाय. मग तो थांबला आणि मी खोका उघडला.

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान बघते. रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं असेल आणि आपण ती तशीच विकली तर वाचणाऱ्याचा केवढा विश्वासघात. तर पहिलं पुस्तक उघडलं, पेंग्विन प्रकाशनाचं हिरव्या कव्हरचं, म्हणजे गुन्हेगारी कथा. पान जागेवर होतं आणि कथा संपते तिथे खाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'दिवसभर पाऊस. गाई आत.' आणि तारीख. दुसरं उघडलं, त्यातही. 'वारा. लाइट गेले.' तिसऱ्यात: 'फेब्रुवारी १९९१. बर्फ. शाळा बंद. पोरगं घरी.'

मी तेवढंच मोठ्याने वाचलं आणि त्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याला हे माहीतच नव्हतं. आई रात्री सगळी कामं आवरून वाचत बसायची एवढं त्याला ठाऊक होतं, पण प्रत्येक पुस्तक संपलं की ती त्या दिवसाची एक ओळ लिहून ठेवायची हे त्याने कधी बघितलं नव्हतं, कारण तो स्वतः वाचणाऱ्यातला नव्हता. तो तसाच ओल्या जॅकेटमध्ये दुकानाच्या फरशीवर बसला आणि एकेक पुस्तक शेवटून उघडायला लागला. मी पण बसले. दोन गिऱ्हाइकं आली, आम्हाला ओलांडून कपाटापर्यंत गेली, एकही शब्द न बोलता परत ओलांडून गेली. शेवटी मी म्हटलं, ही अशी देऊन टाकू नकोस, खोके इथेच राहू देत, रोज ये, वाच, मग ठरव काय ठेवायचं आणि काय सोडायचं. तेव्हाच मला कळलं होतं की मी हे फक्त पुस्तकांसाठी बोलत नाहीये.

बुधवार

दहाला दुकान उघडलं तर तो आधीच दारात, अजून तीन खोके आणि एक चांगली टोकदार पेन्सिल घेऊन. म्हणाला, फुकट बसून राहणार नाही, काम दे.

मग मी त्याला किंमत लिहायला शिकवलं. पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, म्हणजे घेणाऱ्याला खोडता येते. पेन कधीच नाही आणि स्टिकर त्याहून नाही, जुन्या कव्हरवरचा स्टिकर काढताना कागदाचं सालटं निघतं. लायब्ररीचा शिक्का असेल तर किंमत कमी. पानांवर तपकिरी ठिपके पडलेत का बघायचं, दमट घरांत हमखास पडतात. बाहेरचं कागदी जॅकेट शाबूत असेल तर किंमत चढते. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, १९७० च्या आसपासचा, त्यामुळे त्याआधीची पुस्तकं नाव, प्रकाशक आणि साल बघून एकेक शोधावी लागतात. त्याच्या आईकडे पेंग्विनची बरीच जुनी पुस्तकं होती. हे प्रकाशन १९३५ मध्ये निघालं तेव्हा पुस्तक सहा पेन्सला मिळायचं, सिगारेटच्या पाकिटाएवढ्या किमतीत. तो म्हणाला, म्हणजे आईला परवडायचं ते यामुळेच.

तो बोटीवर इंजिनियर आहे, केर्नरायनहून बेलफास्टला जी फेरी जाते तिच्यावर. काही दिवस सलग बोटीवर, मग तेवढेच दिवस घरी. हा त्याचा घरचा आठवडा. माझीही सुट्टी, त्याचीही. पेन्सिल धरायची त्याची पद्धत मी बघत राहिले, एवढे मोठे हात, नखांच्या कडेला न जाणारं काळं ग्रीस, आणि आकडा इतका बारीक आणि नीट काढायचा की वाटलं आईचंच अक्षर उतरलंय.

दुपारी तो मला चौकातल्या 'द बुक शॉप'मध्ये घेऊन गेला, स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं जुन्या पुस्तकांचं दुकान. दाराच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे पिळदार खांब आहेत आणि आत गोळी घातलेलं एक किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, फळीवर ठोकून टांगलेलं आहे. आत खोलीमागून खोली, पुस्तकं लाखाच्या घरात. तिथे उभ्या उभ्या त्याने मला जेसिका फॉक्सची गोष्ट सांगितली, गावात सगळ्यांना ती पाठ आहे. ही अमेरिकन बाई, फिल्म करायची, नासासाठी काम करत होती. तिला स्कॉटलंडमधल्या समुद्राकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम करायची स्वप्नं पडायला लागली, तिने इंटरनेटवर शोधलं, हे दुकान सापडलं, लॉस एंजेलिसहून इथे आली आणि दुकानाच्या मालकाच्याच प्रेमात पडली. 'द ओपन बुक'ची कल्पना तिचीच. म्हणजे ज्या दुकानाची किल्ली माझ्या खिशात होती ते दुकानच मुळात असल्या एका प्रेमातून निघालेलं. हे सांगून झाल्यावर तो एकदम रेल्वेच्या पुस्तकांचं कपाट बघायला लागला. मी पण बघितलं. रेल्वेची पुस्तकं इथे प्रचंड खपतात.

गुरुवार

फळ्यावर 'तीन वाजता परत' असं लिहून आम्ही खाडीकडे गेलो. चर्चच्या आवारातून खाली उतरलं की खाऱ्या दलदलीचं गवताळ मैदान लागतं आणि त्यातून लाकडी वाट एका दगडी खांबापर्यंत जाते. १६८५ च्या मे महिन्यात इथे दोन बायकांना भरतीच्या पाण्यात खांबाला बांधून बुडवून मारलं, मार्गारेट मॅकलॅक्लन साठीच्या पुढची आणि मार्गारेट विल्सन फक्त १८ वर्षांची. राजाला चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ घ्यायला दोघींनी नकार दिला होता. म्हातारीला मुद्दाम पुढे, खोल जागी बांधलं, म्हणजे तिचं मरण बघून पोरगी घाबरेल आणि शपथ घेईल. तिने घेतली नाही. नदीने नंतर पात्र बदललं, त्यामुळे आता तिथे पाणी पोचत नाही, सगळीकडे नुसतं गवत. त्यांच्या कबरी वर चर्चच्या आवारात आहेत, त्या आम्ही येताना बघितल्या होत्या. पण खांबाजवळ उभं राहिलं की १८ वर्षांच्या मुलीने समोर पाणी चढताना बघितलं असेल हा विचार डोक्यातून जाता जात नाही. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

मग त्यानेच सांगितलं, आई आजारी असताना तो बोटीवर होता. पोचायला जमलं, पण उशिरा, ती बोलू शकत नव्हती तेव्हा. त्यामुळे तिचं शेवटचं काही ऐकायचं राहूनच गेलंय असं त्याला वाटत आलं होतं आणि या दोन दिवसांत त्याला तिची दोनशे वाक्यं मिळाली. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात खाडीवरून गुलाबी पायांच्या हंसांचा थवा उठला, आइसलंडहून हिवाळ्यासाठी येतात ते, हजारोंनी, आणि इतका कलकलाट झाला की पुढचं बोलणं राहिलं. हात मात्र दुकानापर्यंत धरलेला होता, तीनचे साडेतीन झाले तरी.

शुक्रवार

दिवसभर गिऱ्हाईक जवळजवळ नाही. त्याने घरून डाळ-भाज्यांचं सूप आणलं होतं, ते काउंटरवर बसून प्यायलो. चार-सव्वाचारलाच अंधार पडतो इथे. संध्याकाळी आभाळ अचानक मोकळं झालं तर तो म्हणाला, चल, आत्ताच. गाडीने गावाबाहेर तीन-चार मैलांवर टॉरहाऊसचं शिळावर्तुळ आहे, १९ दगडांचं एक गोल रिंगण, हजारो वर्षांपूर्वीचं, रस्त्याच्या कडेला, तिकीट नाही, वॉचमन नाही, शेजारी गाई. या भागातला अंधार नावाजलेला आहे, इथून जवळच्या गॅलोवे फॉरेस्ट पार्कला २००९ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, ब्रिटनमध्ये पहिला. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी इतकी स्वच्छ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. त्याने मला विचारलं, चालेल का, मी म्हटलं, चालेल, आणि मग त्या दगडांमध्ये त्याने मला किस केलं. थंडीने आमची दोघांची नाकं बर्फ झाली होती. याहून जास्त लिहिणार नाही, ते आमचं आहे.

शनिवार

आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस. तो काउंटरवर, मी कपाटांपाशी. एक सात-आठ वर्षांचा मुलगा डायनोसॉरचं पुस्तक घेऊन आला, मुठीत चिल्लर, मोजली तर चाळीस पेन्स कमी. त्याने मुलाला काही सांगितलं नाही, खोडरबर घेतलं, पहिल्या पानावरचा आकडा खोडला आणि मुठीत होते तेवढ्याचा नवा लिहिला. मग स्वतःच्या खिशातले चाळीस पेन्स गल्ल्यात टाकले, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसलं.

दुपारी मैत्रिणीचा फोन. तिचं म्हणणं, सुट्टीतलं प्रेम सुट्टीपुरतं, घरी आलीस की आठ दिवसांत उतरेल, तू आधीच एकदा पोळलीयेस. ती माझ्या काळजीने बोलते, हे मला कळतं. पण मला तिचं पटत नाही आणि का पटत नाही ते इथे नीट लिहायचंय. बीचवर, हॉटेलात, कॉकटेल पिताना कुणीही छान वागतं. आम्ही दोघं दिवसेंदिवस एका थंड दुकानात काम करत होतो. तो कंटाळला की काय करतो, चिडका गिऱ्हाईक आला की कसा बोलतो, दुसऱ्याच्या वस्तूला कसा हात लावतो, दुःख झालं की पळतो की बसतो, हे सगळं मी बघितलं. आणि त्याने मला बघितलं, दोन मोज्यांत, धुळीने शिंका देत, हिशेब लागेना म्हणून वैतागलेली. कितीतरी डेट्सना जाऊन मला माणसाबद्दल एवढं कधी कळलं नव्हतं. दुकानात बोलायला कारण शोधावं लागत नाही, हातात काम असतं, आणि गप्प बसलात तरी ते गप्प बसणं अवघडल्यासारखं होत नाही.

रात्री दुकान बंद केल्यावर मी त्याला सरळ विचारलं, सोमवारनंतर काय? तो म्हणाला, सोमवारी दुपारी मी बोटीवर, त्यानंतर सुट्टी, आणि सुट्टीत मला लीड्सला यायचंय, तुला चालणार असेल तर. घुमवून-फिरवून काही नाही. मी हो म्हटलं.

रविवार

दुकान उशिरा उघडलं. सकाळी ब्लॅडनॉकपर्यंत चालत गेलो, मैलभर असेल. १८१७ ची डिस्टिलरी, ती बंद पडलेली पुढे परत सुरू झाली. बाहेरूनच बघितली, नदीकाठी बसलो आणि परत.

दुपारभर पुस्तकांचा निकाल लावला. त्याने आईची ओळ असलेलं प्रत्येक पुस्तक ठेवायचं असं मनाशी धरलं होतं, पण शेवटी स्वतःच म्हणाला की एवढी बोटीवर मावणार नाहीत आणि घर तर विकलंय. मग आम्ही सगळ्या ओळींचे फोटो काढले, तारखेप्रमाणे लावले, त्याने चाळीसेक पुस्तकं ठेवली आणि बाकीची दुकानाच्या कपाटात लावली, पेन्सिलच्या ओळी तशाच ठेवून. मला ही वाटणी फार योग्य वाटली. कुणीतरी अनोळखी माणूस एखादी रहस्यकथा संपवेल आणि खाली वाचेल, 'गाई आत'. त्यातलं एक मी विकत घेतलं, तीन पौंड, गल्ल्यात टाकून, पावती लिहून. त्याला ते असंच द्यायचं होतं, पण दुकान फेस्टिव्हलचं आहे, नियम म्हणजे नियम.

सोमवार

पुढच्या पाहुण्यांसाठी दुकान झाडलं, विक्रीचा हिशेब आजींकडे दिला, चादरी बदलल्या. आजींनी हिशेब बघितला, मग त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या की हा लहानपणी पुस्तकाच्या दुकानात यायला रडायचा.

त्याने मला डम्फ्रीसला गाडीने सोडलं, त्याच्या उलट दिशेला असून. मग तिथून परत फिरून सगळा रस्ता कापत केर्नरायनला शिफ्टवर. स्टेशनवर आम्ही गाड्यांचं टाइमटेबल काढून बसलो: शिफ्ट संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो डम्फ्रीसहून निघेल, कार्लाइलला बदलेल, आणि रिबलहेडचा पूल दिसण्यासाठी खिडकीची सीट धरेल, कारण तो त्या लाइनने कधी आलेला नाही. त्याने तिकीट तिथेच फोनवर काढलं, परतीचं नाही काढलं, म्हणाला, ते तिकडे आल्यावर ठरवू. कालपासून मी घरातली एक भिंत मोजतेय, पुस्तकांचं कपाट करायचंय, चाळीस पुस्तकं बसतील आणि वर थोडी जागा राहील एवढं. सुतार बुधवारी येतोय.